कुटुंबाची आपत्कालीन पिशवी: नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपत्कालीन पिशवी म्हणजे नेमके काय?

पूर, भूकंप, आग, वायुगळती किंवा दीर्घकाळ वीज-पाणी बंद पडणे अशा प्रसंगी बाहेरची मदत पोहोचेपर्यंत कुटुंबाला स्वतःच्या बळावर साधारण तीन दिवस काढता यावेत, एवढी सामग्री आधीच एका ठिकाणी जमवून ठेवणे म्हणजे आपत्कालीन पिशवी. यातील बहुतेक वस्तू प्रत्येक घरात असतातच; अडचण एवढीच असते की विजेरी एका खोलीत, तिचे सेल दुसऱ्या खोलीत, रेशन कार्ड लोखंडी कपाटाच्या तळाशी आणि आजोबांची रक्तदाबाची गोळी उशीखाली असते. त्यामुळे या पिशवीसाठी फार काही विकत आणावे लागत नाही. घरात आहे ते एकत्र करणे आणि ते वेळोवेळी बदलत राहणे, हेच खरे काम आहे.

नाशिकमध्ये याची गरज खरोखर कोणाला आहे? पूर तर रामकुंड आणि सराफ बाजारापुरता असतो.

पूर तेवढ्यापुरता नसतो. गोदावरी पंचवटी, भांडी बाजार, सराफ बाजार आणि कापड पेठेच्या दारात येते हे खरे असले, तरी नासर्डी, वालदेवी आणि वाघाडी या लहान नद्या-नाल्यांच्या काठीही मोठी वस्ती आहे, आणि मुसळधार पावसात त्या गोदावरीपेक्षा लवकर फुगतात. खाली निफाड तालुक्यात सायखेडा आणि चांदोरी या गावांना गोदावरी आणि दारणा या दोन्ही नद्यांचे पाणी आणि नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा एकाच वेळी सोसावा लागतो. सन १९६९ चा पूर ज्येष्ठ नाशिककरांच्या बोलण्यात अजून येतो. त्यानंतर सप्टेंबर २००८, २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ या दिवसांनीही शहराला मोठे पूर दाखवले.

नदीपासून दूर, उंच इमारतीत राहणाऱ्यांची गरज वेगळी असते, पण ती असतेच. शहराचे पाणी मुख्यतः गंगापूर आणि मुकणे धरणांतून पंपांनी उचलले जाते. तिथली वीज गेली की पाणीपुरवठा थांबतो आणि इमारतीची वीज गेली की तळटाकीतले पाणी गच्चीवरच्या टाकीत चढत नाही. पाथर्डी फाट्यावरच्या सातव्या मजल्यावरील घरात पुराचे पाणी कधीही शिरणार नाही; मात्र लिफ्ट बंद, नळ कोरडा आणि मोबाइल बंद अशी स्थिती तिथेही सहज येऊ शकते.

घरासाठी एकच पिशवी पुरेल का?

या प्रश्नावर थोडा वेळ घालवावा, कारण पुढची सगळी निवड त्यावर अवलंबून आहे. संकट दोन प्रकारचे असते: ज्यात घरातच थांबायचे असते आणि ज्यात घर सोडायचे असते. घरात थांबण्यासाठी लागणारी सामग्री जड असली तरी चालते, म्हणजे पाण्याचे कॅन, शिधा, छोटी शेगडी, जास्तीची पांघरुणे. घर सोडताना मात्र पाठीवर जे मावेल आणि जिन्यावरून धावत नेता येईल तेवढेच उपयोगाचे असते. अनेक कुटुंबे हौसेने मोठी ट्रंक भरतात. प्रत्यक्षात ती उचलायला दोन माणसे लागतात, आणि त्या दोन माणसांचे हात लहान मुलांना व आजींना धरण्यासाठी हवे असतात.

म्हणून सामग्रीचे दोन भाग करावेत. पाठीवर अडकवता येणाऱ्या सॅकमध्ये कागदपत्रे, औषधे, रोख रक्कम, विजेरी, माणशी एक लिटर पाणी, थोडे कोरडे खाणे आणि एक कपड्यांचा जोड असावा. उरलेले सारे घरातल्या एका ठरलेल्या कोपऱ्यात ठेवावे. तळमजल्यावर आणि नदीकाठी राहणाऱ्यांनी सॅककडे अधिक लक्ष द्यावे, वरच्या मजल्यावरच्यांनी साठ्याकडे.

पाणी किती साठवावे आणि कशात?

पिण्यासाठी आणि जुजबी स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला ३ ते ४ लिटर पाणी धरावे. चार माणसांच्या घराला तीन दिवसांसाठी सुमारे ४० ते ५० लिटर लागते. हा आकडा ऐकून लोक लगेच वीस लिटरचे जार आणतात. पण भरलेल्या जारचे वजन वीस किलोहून अधिक होते आणि घरात एकटी ज्येष्ठ व्यक्ती असेल तर तो तिला तिरका करणेही जमत नाही. पाच लिटरचे झाकणाचे कॅन अधिक सोयीचे असतात. एखादा कॅन फुटला किंवा त्यातले पाणी खराब झाले तरी बाकीचे वाचते.

साठवलेले पाणी दर पंधरवड्याला झाडांना घालून कॅन धुऊन पुन्हा भरावेत. स्वच्छतागृहासाठीचे पाणी या हिशेबात धरलेले नाही. त्यासाठी पावसाळ्यात न्हाणीघरातले पिंप भरून ठेवण्याची जुनी सवय उत्तम आहे. फक्त झाकण घट्ट असावे, अन्यथा पुरापासून बचाव करताना डेंग्यूच्या डासांना घर मिळते.

पुरानंतर नळाला आलेले पाणी थेट प्यावे का?

पिऊ नये. पुराच्या पाण्यात गटारांचे पाणी मिसळलेले असते आणि जलवाहिन्यांच्या सांध्यांतून ते आत शिरू शकते. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्यावा, वरचे पाणी स्वच्छ फडक्यातून गाळावे आणि मग खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळत ठेवावे. तुरटीने पाणी नितळ दिसते, पण जंतू मरत नाहीत. हा गैरसमज आपल्याकडे इतका खोल रुजलेला आहे की तुरटी फिरवून लगेच पाणी प्यायला घेणारी माणसे प्रत्येक वाड्यात भेटतात.

उकळण्यासाठी इंधन नसेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे मेडिक्लोरसारखे क्लोरीनचे द्रावण किंवा क्लोरीनच्या गोळ्या वापराव्यात. प्रमाण बाटलीवर किंवा पाकिटावर दिलेले असते तेवढेच ठेवावे आणि पाणी अर्धा तास झाकून ठेवल्यावरच प्यावे. ही छोटी बाटली सॅकमध्ये असावी. तिच्यावरची मुदतीची तारीख मात्र तपासत राहावे, कारण क्लोरीनचा प्रभाव कालांतराने कमी होतो. घरातला विजेवर चालणारा शुद्धीकरण संच वीज नसताना काहीच करत नाही, हे वेगळे सांगायला नको.

खाण्याचे काय ठेवावे?

या बाबतीत आपल्या स्वयंपाकघराला बाहेरून काही शिकण्याची गरज नाही. भाजके पोहे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, सातूचे पीठ, मेतकूट, बिस्किटे आणि दुधाची पावडर हे सारे शिजवल्याविना खाता येते. नाशिक जिल्ह्यात बेदाणे मुबलक मिळतात, हलके असतात आणि मुले आनंदाने खातात. नाशिकचा चिवडा मोह पाडणारा असला तरी तो सॅकमध्ये फार भरू नये. तिखट-मीठ जास्त असलेल्या पदार्थाने तहान वाढते आणि मोजके पाणी त्यातच संपते.

पिशवीतल्या सगळ्या गोष्टींत अन्न ही सर्वांत कमी काळजीची बाब आहे. निरोगी माणूस एक-दोन दिवस अर्धपोटी राहू शकतो. पाण्याविना किंवा इन्सुलिनविना राहू शकत नाही. तरीही बहुतेक घरांत पिशवी भरायला घेतली की सुरुवात फराळाच्या डब्यांनीच होते.

नियमित औषधे घेणाऱ्यांनी काय तयारी करावी?

किमान सात दिवसांची औषधे सॅकमध्ये असावीत. तीन दिवसांची पुरत नाहीत, कारण पूर ओसरल्यानंतरही पेठेतली औषधांची दुकाने चिखल काढून पुन्हा सुरू होईपर्यंत वेळ जातो. यासाठी वेगळा साठा करून तो विसरून जाऊ नये. दर महिन्याला नवी पाकिटे आणली की ती सॅकमध्ये ठेवावीत आणि सॅकमधली जुनी वापरायला काढावीत. असे केल्याने मुदत संपण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

औषधांसोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि एका कागदावर ठळक अक्षरांत लिहिलेली माहिती असावी: व्यक्तीचे नाव, वय, रक्तगट, आजार, औषधाचे मूळ नाव व मात्रा, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. औषधाचे व्यापारी नाव पुरेसे नसते, कारण मदत केंद्रात दुसऱ्या कंपनीची गोळी मिळाली तर ती तीच आहे की नाही हे मूळ नावावरूनच कळते.

इन्सुलिनविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. न उघडलेली इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. वापरात असलेली बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे सर्वसाधारण खोलीच्या तापमानाला, म्हणजे २५ ते ३० अंशांपर्यंत, चालते. नेमकी मर्यादा वेष्टनावर पाहावी. वीज गेली म्हणून घाबरून ती बर्फावर ठेवू नये. गोठलेली इन्सुलिन निकामी होते. एका मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू घालून त्यात छोटे मडके बसवावे आणि त्यात कोरड्या डबीत इन्सुलिन ठेवावी. आपल्या आज्यांनी दूध-लोणी याच पद्धतीने सांभाळले आहे आणि पावसाळ्याच्या हवेत ती उन्हाळ्याइतकी परिणामकारक नसली, तरी फ्रीज बंद असताना बऱ्यापैकी उपयोगी पडते.

दमा असणाऱ्यांनी इनहेलर सॅकमध्ये ठेवावा, आणि डायलिसिसवर असणाऱ्यांनी पर्यायी केंद्राचे नाव व पत्ता आधीच लिहून ठेवावा. नदीच्या एका तीरावर घर आणि दुसऱ्या तीरावर रुग्णालय असेल तर पूल बंद झाल्यावर काय करायचे, हे डॉक्टरांना मे महिन्यातच विचारून घ्यावे.

प्रथमोपचाराच्या डब्यात काय असावे?

निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, जंतुनाशक द्रावण, कात्री, चिमटा, हातमोजे, पॅरासिटामॉल आणि जीवनरक्षक क्षारसंजीवनीची म्हणजे ओआरएसची पाकिटे. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचे असते; अर्धे पाकीट पेल्यात टाकू नये. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. तयार द्रावण चोवीस तासांनंतर फेकून द्यावे.

पुराच्या पाण्यातून चालावे लागले असेल तर लेप्टोस्पायरोसिस या जनावरांच्या, विशेषतः उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या आजाराची शक्यता असते, विशेषतः पायावर जखम असेल तर. त्यासाठीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. डॉक्टरांना अथवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारावे. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे किंवा आवळून बांधणे यांपैकी काहीही न करता, त्या अवयवाची हालचाल कमीत कमी ठेवून रुग्णाला जिल्हा रुग्णालयासारख्या प्रतिविष उपलब्ध असलेल्या ठिकाणी न्यावे.

कागदपत्रे मूळ ठेवावीत की प्रती?

सॅकमध्ये प्रती, आणि मूळ कागदपत्रे अशा एका फाइलमध्ये जी सॅकसोबत एका झटक्यात उचलता येईल. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान, विम्याची पॉलिसी, घराचा करारनामा किंवा मिळकत पत्रिका, शेतकऱ्यांसाठी सातबारा व आठ अ उतारा, मुलांचे जन्मदाखले व शाळेची गुणपत्रके, लसीकरणाचे कार्ड आणि वाहनाची कागदपत्रे हा किमान संच आहे. घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घालून त्यात हे ठेवावे. लॅमिनेशन केलेला कागद सुरक्षित वाटतो, परंतु कडेने पाणी शिरले की आतला कागद सुटा करून वाळवता येत नाही. म्हणून जुने मूळ दस्तऐवज लॅमिनेट करणे टाळलेलेच बरे.

डिजिलॉकरमध्ये आधार, वाहन परवाना यांसारखी कागदपत्रे ठेवणे उपयोगी आहे, परंतु ते कागदी प्रतींना पर्याय ठरत नाही, कारण ज्या वेळी त्यांची गरज पडेल त्याच वेळी फोनची बॅटरी आणि नेटवर्क दोन्ही नसण्याची शक्यता असते. आणखी एक काम पावसाळ्यापूर्वी करून ठेवावे: घरातल्या प्रत्येक खोलीचे, फ्रीज, कपाट, शिलाई मशीन आणि दुकान असेल तर मालाचे फोटो काढून ते बाहेरगावच्या एखाद्या नातेवाइकाला पाठवून ठेवावेत. पंचनाम्याच्या वेळी तलाठी आणि विमा कंपनीचा प्रतिनिधी यांना आधीची स्थिती दाखवण्यासाठी याहून सोपा पुरावा नाही. भांडी बाजारातल्या आणि सराफ बाजारातल्या दुकानदारांना हे सांगावे लागत नाही. नव्याने दुकान भाड्याने घेतलेल्यांना मात्र अवश्य सांगावे.

हल्ली सगळे व्यवहार यूपीआयवर होतात. रोख रक्कम कशाला?

नेटवर्क बंद पडले की दूधवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांना रोखच लागते. दहा, वीस, पन्नास आणि शंभरच्या नोटा ठेवाव्यात. पाचशेची नोट घेऊन गेल्यास सुटे नाहीत हे उत्तर ठरलेले असते.

विजेरी, मोबाइल आणि रेडिओ यांविषयी काय करावे?

माणशी नाही, तरी खोलीमागे एक एलईडी विजेरी असावी. सेल विजेरीतून काढून शेजारी ठेवावेत. आत राहिलेले सेल पाझरून विजेरी खराब करतात. मेणबत्ती आणि रॉकेलचा कंदील शक्यतो टाळावेत, कारण गॅसगळतीची शंका असताना उघडी ज्योत धोकादायक असते आणि अंधारात लहान मुलांचा धक्का लागून ती कलंडते.

पॉवर बँक वापरात नसली तरी तिची बॅटरी हळूहळू उतरते. ती दर दोन-तीन महिन्यांनी पूर्ण चार्ज करावी. महत्त्वाचे दहा फोन क्रमांक कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्यावेत, कारण स्वतःच्या आईचा क्रमांकही आता कोणाला पाठ नसतो. सेलवर चालणारा साधा रेडिओ घरी असेल तर तो टाकून देऊ नये. मोबाइल टॉवर बंद असतानाही आकाशवाणीच्या नाशिक केंद्रावरून बातम्या ऐकता येतात.

गंगापूर धरणातून इतके क्युसेक विसर्ग सुरू आहे, अशी बातमी येते. त्यावरून घर सोडायचे की नाही हे कसे ठरवावे?

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर पाणी. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर. परंतु केवळ धरणाच्या आकड्यावर विसंबू नये. धरण आणि रामकुंड यांच्यामधल्या भागात पडलेला पाऊस ओढ्या-नाल्यांतून नदीला मिळतो, त्यामुळे अहिल्यादेवी होळकर पुलाखालून वाहणारे पाणी धरणातून सोडलेल्या पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त असू शकते. शहरातल्या लोकांनी होळकर पुलाजवळचा आकडा पाहावा आणि सायखेडा-चांदोरीच्या लोकांनी त्यासोबत दारणेचा विसर्ग आणि नांदूर मधमेश्वरची स्थितीही पाहावी.

जुने नाशिककर आकड्यांपेक्षा गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहतात: पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, याचा अर्थ कोणत्या गल्लीत पाणी शिरणार हे त्यांना पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. नदीकाठच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी पोहोचणे ही तर महापुराची खूण. हे मापन आजही उपयोगी आहे. मात्र ते पाहण्यासाठी घाटावर किंवा पुलावर गर्दी करणे हा शुद्ध वेडेपणा आहे; हल्ली ती दृश्ये फोनवर घरबसल्या दिसतात.

ऑगस्टअखेर धरण भरत आले की वरून येणारे पाणी साठवायला जागा उरत नाही आणि जेवढे येईल तेवढे सोडावे लागते. त्यामुळे जूनमध्ये निरुपद्रवी ठरलेला पाऊस सप्टेंबरमध्ये पूर आणू शकतो. १९६९ आणि २००८ चे पूर सप्टेंबरचेच होते. प्रशासनाने स्थलांतराची सूचना दिली असेल तर मारुतीच्या छातीपर्यंत पाणी येण्याची वाट पाहू नये, आणि शक्यतो उजेडात बाहेर पडावे.

घर सोडताना शेवटच्या पाच मिनिटांत काय करावे?

गॅसचा रेग्युलेटर बंद करून काढावा आणि सिलिंडरवर टोपी बसवावी. सिलिंडर पाण्यावर तरंगतो आणि वाहून जातो, म्हणून तो उंचावर ठेवावा किंवा खिडकीच्या गजाला साखळीने बांधावा. विजेचा मुख्य स्विच बंद करावा. इन्व्हर्टर असेल तर तो स्वतंत्रपणे बंद करावा, कारण मुख्य वीज गेल्यावरही तो घरातल्या तारांना प्रवाह पुरवत राहतो. पायाखाली पाणी असेल तर स्विचला हात लावू नये. दाराला कुलूप लावून किल्ली सोबत घ्यावी आणि कुठे जात आहोत हे शेजाऱ्यांना सांगावे.

नाशिकला भूकंपाचा धोका आहे का? त्यासाठी पिशवीत काय बदलावे लागेल?

नाशिक हे मध्यम धोक्याच्या तिसऱ्या भूकंपप्रवण विभागात गणले जात आले आहे. दिंडोरी, पेठ, सुरगाणा आणि कळवण या पट्ट्यात सौम्य धक्के जाणवतात आणि दिंडोरी रोडवरील मेरी म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या भूकंपनोंदींच्या बातम्या अधूनमधून येतात. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. तथापि, भूकंप पुरासारखी पूर्वसूचना देत नाही. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला, म्हणजे माणसे गाढ झोपेत असताना. यासाठी पिशवीत फारसा बदल नको, तिच्या जागेत हवा. प्रत्येकाच्या पलंगाशेजारी जाड तळव्याची चप्पल, विजेरी आणि एक शिट्टी असावी. फुटलेल्या काचांवर अनवाणी पाऊल पडू नये म्हणून चप्पल, आणि ढिगाऱ्याखाली ओरडून दमण्यापेक्षा शिट्टीचा आवाज लांब जातो म्हणून शिट्टी.

सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्यांनी वेगळे काही ठेवावे का?

रुंद चिकटपट्टी, जुने टॉवेल आणि प्लास्टिकचा कागद ठेवावा. वायुगळतीच्या वेळी पुष्कळदा घरात थांबणेच अधिक सुरक्षित असते: खिडक्या बंद, कूलर व एक्झॉस्ट पंखा बंद, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल. बाहेर पडण्याची सूचना मिळाली तर वाऱ्याच्या दिशेला आडवे, म्हणजे वायू ज्या रेषेत वाहतो आहे तिच्या बाजूला चालावे. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो आणि सखल भागात साचतो, म्हणून तळघरात लपू नये. कापडी किंवा धुळीसाठीचा मास्क वायू अडवत नाही. त्यावर विसंबून थांबू नये.

तान्ही बाळे, ज्येष्ठ आणि दिव्यांग व्यक्ती यांच्यासाठी काय वाढवावे?

बाळासाठी लंगोट किंवा डायपर, वाटी-चमचा आणि बाहेरचे दूध देत असाल तर त्याची पावडर. दुधाची बाटली पुरेशा उकळत्या पाण्याविना स्वच्छ ठेवणे अवघड असते, म्हणून वाटी-चमचाच बरा. महिलांसाठी सॅनिटरी पॅड घरात आधीच मोजून ठेवावेत. हे कोणी मागत नाही आणि मदतीच्या सामानात ते बहुतेक वेळा शेवटी येते. ज्येष्ठांसाठी चष्म्याचा जुना जोड, कवळीची डबी, काठी आणि श्रवणयंत्राचे सेल. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांना खाली उचलून नेणारे दोन शेजारी कोण, हे नावानिशी ठरलेले असावे. सोसायटीच्या सभेत हा विषय पार्किंगच्या आधी घ्यावा.

गोठ्यातल्या जनावरांचे काय?

पाणी चढू लागले की दावी सोडावीत. बांधलेले जनावर पोहू शकत नाही. चारा उंच जागी ठेवावा आणि कानातील बिल्ल्याचा क्रमांक कागदपत्रांच्या पिशवीत लिहून ठेवावा.

मी भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. माझ्याकडे जागाही नाही आणि पैसेही नाहीत.

एक जुनी सॅक, पाण्याच्या दोन बाटल्या, कागदपत्रांच्या प्रती, विजेरी, फुटाणे-गुळाची पुडी, नेहमीची औषधे आणि दोनशे-तीनशे रुपयांच्या सुट्या नोटा एवढे पुरेसे आहे. यासोबत घरमालकाचा आणि गावाकडच्या एका माणसाचा क्रमांक कागदावर लिहावा.

बाजारात किंवा ऑनलाइन मिळणारे तयार किट घ्यावे का?

प्रथमोपचाराचा तयार डबा घ्यायला हरकत नाही. पूर्ण किट घेण्याची गरज वाटत नाही. त्यात होकायंत्र आणि चकमक असते, पण सासऱ्यांची थायरॉइडची गोळी नसते.

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या काळात वेगळी तयारी हवी का?

पंचवटी, जुने नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील रहिवाशांना हवी. पर्वणीच्या म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवशी रस्ते बंद असतात आणि कठड्यांमुळे स्वतःच्या गल्लीतही फेरा घालून जावे लागते, म्हणून औषधे, दूध पावडर आणि शिधा आदल्या आठवड्यातच भरून ठेवावा. २००३ च्या सिंहस्थात नाशिकमध्ये चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले होते. गर्दीत जाणाऱ्या मुलांच्या आणि ज्येष्ठांच्या खिशात नाव व संपर्क क्रमांकाची चिठ्ठी असावी आणि चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा घाटापासून दूर ठरवावी.

कोणते क्रमांक लिहून ठेवावेत?

सर्व प्रकारच्या तातडीसाठी ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, आणि स्वयंपाकाच्या गॅसच्या गळतीसाठी १९०६. गॅसचा वास येत असताना फोन घराबाहेर जाऊन करावा.

पिशवी कुठे ठेवावी आणि किती वेळा तपासावी?

दाराजवळ, अंधारात चाचपडूनही हाती लागेल अशा खुंटीवर. माळ्यावर नको, पलंगाखाली तर मुळीच नको, कारण पाणी पहिल्यांदा तिथेच पोहोचते. तपासणी वर्षातून दोनदा करावी: एकदा मे महिन्याच्या शेवटी आणि दुसऱ्यांदा गणपतीच्या आधी घर आवरायला काढले जाते तेव्हा. या दुसऱ्या वेळेला धरण भरत आलेले असते. सेल, औषधांच्या आणि क्लोरीनच्या तारखा, पॉवर बँक, मुलांच्या कपड्यांचे माप आणि बदललेले फोन क्रमांक एवढे पाहायला अर्धा तास लागतो. हे काम घरातल्या शाळकरी मुलांकडे द्यावे. कोणती वस्तू कुठे आहे हे त्यांना नंतर विचारावे लागत नाही.

पाणी ओसरल्यावर घरात शिरताना पिशवीतले काय हाताशी असावे?

विजेरी, जाड तळव्याचे बूट, हातमोजे, एक लांब काठी आणि मोबाइल. काठीने चिखल आणि कोपरे चाचपावेत, कारण साप व विंचू कोरड्या जागेच्या शोधात कपाटात आणि चुलीजवळ येऊन बसलेले असतात. दारे-खिडक्या उघडून हवा खेळू द्यावी, गॅसचा वास नाही याची खात्री करावी आणि इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय मुख्य स्विच चालू करू नये. चिखल काढण्याआधी भिंतीवरची पाण्याची रेषा आणि भिजलेल्या सामानाचे फोटो घ्यावेत. घाईने घर धुऊन काढले तर पंचनाम्याला दाखवायला काही उरत नाही. पुराच्या पाण्यात भिजलेले धान्य, उघडी औषधे आणि मसाले टाकून द्यावेत, ते वाळवून वापरू नयेत.